पटकीची साथ आणि विहीरमालकाचे कर्तव्य

पावसाळ्याच्या तोंडाशी आमचे वाचक बी-बियाणे, खते व अवजारे यांच्या जुळवाजुळवीत गुंतलेले असतात. अशा वेळी रोगराईचा विषय काढणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु पहिल्या पावसाबरोबरच गावोगाव जुलाब-वांत्यांचे विकार सुरू होतात, आणि त्यांतील सर्वांत भयंकर असा जो पटकीचा रोग, तो खेड्यात बहुधा एखाद्या विहिरीच्या पाण्यातूनच पसरतो. ह्या विहिरी शेतकऱ्यांच्या मालकीच्या, निदान त्यांच्या देखरेखीखालच्या असतात. तेव्हा पटकी हा जितका वैद्याचा विषय आहे तितकाच तो बागायतदाराचाही आहे. पेरलेले पीक रोगाने ग्रासल्यावर धावपळ करण्यापेक्षा बियाण्यास आधीच औषध चोळणे स्वस्त पडते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. तोच न्याय विहिरीस कसा लागू पडतो, आणि इतके करूनही घरात रोगी झालाच तर त्याचा जीव कसा वाचवावा, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

रोगाची ओळख.— हा रोग आमच्या प्रांतास नवा नव्हे. कोकणात व गोमंतकात मोडशी ह्या नावाने तो पूर्वीपासून ओळखीचा होता. गोव्यास राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता ह्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केलेले आहे. पुढे १८१७ साली बंगालातील जेसोरकडे जी साथ उठली ती मात्र पूर्वीच्या साथींहून निराळी ठरली. फौजा, यात्रेकरू व व्यापारी ज्या वाटांनी जात त्याच वाटांनी ती पसरत गेली, दुसऱ्याच वर्षी मुंबईस पोचली आणि नंतर समुद्रापलीकडेही गेली. त्या काळापासून महाराष्ट्रातील खेड्यांनी ह्या रोगाचे किती तडाखे सोसले, ह्याची साक्ष गावोगावची मरीआईची ठाणी देतात. देवीचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर पोचविण्याची चाल ह्या भयातूनच पडली. रोग बाहेरून येतो व त्यास शिवेबाहेर घालविले पाहिजे, ही त्या चालीमागील जाणीव अगदीच खोटी नव्हती. तो कोणत्या वाटेने येतो, एवढे मात्र आमच्या पूर्वजांस ठाऊक नव्हते.

ती वाट आता पुरतेपणी कळलेली आहे. पटकीचा जंतु १८५४ साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरी फिलिप्पो पाचिनी ह्या शास्त्रज्ञास सूक्ष्मदर्शकातून प्रथम दिसला. १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख ह्याने कलकत्त्यास रोग्यांच्या आतड्यांत तो शोधून काढला. एवढेच नव्हे, तर ज्या तळ्याचे पाणी आसपासची माणसे पिण्यास व धुण्यास वापरीत होती त्या तळ्यातही तोच जंतु त्यास सापडला. स्वल्पविरामाप्रमाणे वाकडा असा हा जंतु रोग्याच्या मळातून व वांतीतून बाहेर पडतो, पाण्यात किंवा अन्नात मिसळतो आणि दुसऱ्याच्या तोंडावाटे पोटात जातो. पटकीचा सारा प्रसार ह्या एकाच फेऱ्यात आहे. हवेतून तो होत नाही. रोग्यास नुसते शिवल्यानेही तो होत नाही. पण शिवलेला हात न धुता तोंडाकडे गेला तर होतो.

जंतु पोटात गेल्यापासून काही तासांत किंवा फार तर पाच दिवसांत रोग प्रकट होतो. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके, पातळ जुलाब एकामागून एक होतात, पाठोपाठ वांत्या सुरू होतात, पायांत व पोटात गोळे येतात, डोळे खोल जातात, लघवी बंद होते आणि आवाज बसतो. रोग तीव्र असला तर तासाभरात लिटरभर पाणी शरीरातून निघून जाते. उपचार न मिळाल्यास अशा रोग्यांपैकी निम्म्यापर्यंत दगावतात. वेळीच उपचार मिळाल्यास शंभरात एखादाही दगावत नाही.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जंतु पोटात गेलेल्या बहुतेक माणसांस काहीच होत नाही, किंवा एखाददुसरा साधा जुलाब होतो. तरी अशी धडधाकट दिसणारी माणसेही काही दिवस मळावाटे जंतु बाहेर टाकीत असतात. १९६१ साली इंडोनेशियात उठलेल्या साथीपासून जी एल टॉर नावाची जात जगभर पसरली, तिच्यात हा प्रकार अधिकच आढळतो. म्हणून ‘आमच्या गावात रोगी नाही, मग भय कशाचे?’ ह्या समजुतीवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. रोगी दिसू लागेपर्यंत विहिरीत जंतु पोचून गेलेला असतो.

विहिरीचा गुन्हा.— एका विहिरीने केवढा अनर्थ होऊ शकतो ह्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लंडन शहरातले आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेर तेथील ब्रॉड स्ट्रीट ह्या रस्त्याच्या आसपास दहा दिवसांत पाचशेंहून अधिक माणसे पटकीने मेली. डॉ. जॉन स्नो ह्याने घरोघर हिंडून चौकशी केली, तेव्हा मेलेली बहुतेक माणसे त्या रस्त्यावरील विहिरीच्या पंपाचे पाणी पीत असल्याचे आढळले. जवळच मद्याचा एक कारखाना होता. तेथील सत्तरांवर मजुरांपैकी एकही दगावला नाही. कारण त्यांस पिण्यास मालकाकडून मद्यच मिळे आणि कारखान्याची विहीर निराळी होती. स्नोच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. तोवर साथ ओसरू लागली होती हे खरे. पण दोष कोठे होता तो त्यामुळे लोकांपुढे आला.

पुढील चौकशीत जे निष्पन्न झाले ते प्रत्येक विहीरमालकाने मनावर कोरून ठेवावे असे आहे. साथ भडकण्यापूर्वी विहिरीसमोरच्या घरातील एका तान्ह्या मुलास जुलाब झाले होते. आईने त्याचे लंगोट धुऊन ते पाणी घरापुढील मैलकुंडात ओतले. त्या कुंडाचे विटकाम झिजले होते आणि विहिरीपासून ते तीन फुटांच्या आत होते. एका मुलाच्या लंगोटाचे धुवण जमिनीतून झिरपून पाचशे माणसांच्या मृत्यूस कारण झाले. विहीर वरून पाहता चांगली होती, आणि पाणी चवीस गोड म्हणून लोक लांबून येऊन नेत असत. ‘आमच्या विहिरीचे पाणी काचेसारखे आहे’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा.

दुसरे उदाहरण जर्मनीतले आहे. १८९२ साली हाम्बुर्ग शहरात पटकीने सुमारे साडेआठ हजार माणसे मेली. त्यास लागूनच असलेल्या आल्टोना गावास त्याच एल्ब नदीचे पाणी, तेही हाम्बुर्गच्या खालच्या अंगाने, म्हणजे अधिक घाण झालेले, मिळत होते. परंतु आल्टोनाचे पाणी वाळूतून गाळून येई व हाम्बुर्गचे तसेच येई. दोहोंच्या हद्दीवरील रस्त्यात एका बाजूच्या घरांत मृत्यू आणि दुसऱ्या बाजूच्या घरांत स्वस्थता, असे दृश्य त्या वेळी दिसले. हवा, जमीन, माणसे सारी एकच होती. भेद होता तो पाण्याच्या व्यवस्थेत.

ह्या गोष्टी जुन्या व परदेशच्या म्हणून सोडून देता येत नाहीत. २०२२ च्या जुलै महिन्यात आमच्याच अमरावती जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी ह्या गावी, उघड्या विहिरीचे दूषित पाणी पिण्यात आल्याने पटकी उद्भवली व माणसे दगावली. नळ बंद पडला की गाव पुन्हा जुन्या विहिरीकडे वळते. तेव्हा घरोघर नळ आले म्हणून विहिरीची उपेक्षा करणे हा दूरदर्शीपणा नव्हे.

विहीर कशी असावी.— पिण्याच्या पाण्याची विहीर संडास, शोषखड्डा, उकिरडा व गुरांचा गोठा ह्यांपासून निदान पन्नास फूट दूर आणि त्यांच्यापेक्षा उंचावर असावी. आतील बांधकाम वरून निदान वीस फूट खोलपर्यंत पक्के व सांधे बुजविलेले असावे, म्हणजे वरच्या थरातील घाण पाणी बाजूंनी आत झिरपणार नाही. खाली येणारे पाणी जमिनीतून गाळून येते. काठावर अडीच फूट उंचीचा कठडा घालावा. सभोवती निदान तीन फूट रुंदीचा, बाहेरच्या अंगास उतार असलेला पक्का ओटा करावा, आणि सांडलेले पाणी नालीने दूर नेऊन बागेस द्यावे. गुरांस पाणी पाजण्याची डोण व धुणी धुण्याची शिळा ओट्याबाहेर, उताराकडे असावी. तोंडावर झाकण घालून पाणी पंपाने काढता आले तर उत्तमच; ते न साधल्यास विहिरीचा स्वतःचा एकच पोहरा व दोर ठेवावा. घराघरांतून येणारी दहा भांडी विहिरीत बुडाली की दहा घरांची घाण विहिरीत उतरते.

पायऱ्यांच्या विहिरीचा तर पिण्यासाठी उपयोग करूच नये. अशा विहिरीत माणसे पाण्यात उतरत, म्हणून आमच्याकडे नारूचा रोग पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला होता. पायविहिरी बंद करणे, पाणी गाळून पिणे व हातपंप बसविणे ह्या साध्या उपायांनी तो इतका हटला की २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. विहीर सुधारली की रोग जातो, ह्यास याहून मोठा पुरावा कोणता हवा?

पाण्याचे शुद्धीकरण.— बांधकामास वेळ व पैसा लागतो. पण ज्यास आमच्या खेड्यांत टी.सी.एल. पावडर म्हणतात ती विरंजक पूड विहिरीत घालणे आजच करता येते. किती पूड लागेल हे काढण्यासाठी प्रथम विहिरीतील पाणी मोजावे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीने व ०.७८५ ने गुणावे. जो आकडा येईल तितके हजार लिटर पाणी समजावे. स्वच्छ पाण्यास दर हजार लिटरांमागे चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पूड सामान्यतः पुरते. पाणी गढूळ असल्यास दुप्पट वा अधिकही लागते. उदाहरणार्थ, तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असल्यास ते सुमारे २८ हजार लिटर भरते व त्यास सुमारे ७० ग्रॅम पूड लागते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असल्यास ते १४१ हजार लिटर होते व पूड सुमारे ३५० ग्रॅम लागते.

पूड तशीच विहिरीत भिरकावून देण्याची रीत बरी नव्हे. एका बादलीत शंभर ग्रॅमपर्यंत पूड घेऊन थोड्या पाण्यात कालवावी, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावे व दहा मिनिटे निवळू द्यावे. चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोराने पाण्याच्या पृष्ठाखाली सोडावी व खालीवर हलवून निवळी सर्वत्र मिसळावी. तळचा चुना विहिरीत ओतू नये, त्याने पाणी जड होते. त्यानंतर तासभर पाणी काढू नये. हे काम रात्री केल्यास सकाळी पाणी पिण्याजोगे असते. तासाभरानंतर दर लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक राहावयास पाहिजे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओ. टी. चाचणीने ते पाहून देतो. नमुना पिवळा झाला तर क्लोरिन आहे. रंग न आल्यास पूड कमी पडली किंवा ती निःसत्त्व झाली असे समजावे. उघड्या पोत्यातील, दमट जागेतील पूड लवकर निकामी होते. म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी. साथीच्या दिवसांत हे शुद्धीकरण रोज केले पाहिजे. पाण्यास किंचित वास येतो अशी तक्रार होते. पण तो वास म्हणजे पाण्यावर पहारेकरी हजर असल्याची खूण आहे. जेथे पुडीची सोय नसेल तेथे पाणी खळखळून उकळावे व झाकून ठेवावे.

मजूर, मळा व बाजार.— ऊसतोडीच्या, भातलावणीच्या व कांदा काढणीच्या हंगामात परगावची माणसे आमच्या मळ्यांवर येऊन राहतात. त्यांच्या खोपी पाटाकाठी पडतात, तेच पाणी ती पितात आणि शौचासही तेथेच जातात. त्यांस स्वच्छ पाणी व विहिरीपासून दूर अशी शौचाची आडोशाची जागा देणे हा मालकाचा धर्म तर आहेच, पण त्याच्या स्वतःच्या घराचे रक्षणही त्यातच आहे. पूर्वी गावाच्या चांगल्या पाणवठ्यावर काही जातींस येऊ देत नसत, व त्यांस ओढ्याच्या पाण्यावर भागवावे लागे. हा हक्क मिळविण्यासाठी १९२७ साली डॉ. आंबेडकरांस महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. न्यायाची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवली, तरी गावातील एका भागास घाण पाणी पाजून दुसरा भाग निरोगी राहील ही कल्पनाच चुकीची आहे.

गुरांच्या शेणापासून पटकी होते हा समज खरा नाही. तो माणसाच्याच मळातून पसरतो. म्हणून कच्चा सोनखत भाजीपाल्यास घालू नये, गटाराचे पाणी कोथिंबीर, मुळा, काकडी अशा कच्च्या खाण्याच्या पिकांस देऊ नये, आणि बाजारात नेण्यापूर्वी भाजी ओढ्यात धुऊ नये. पिकविणाऱ्याच्या हातून शहरात रोग जाऊ नये, ही आपल्या मालाच्या अब्रूची गोष्ट आहे. साथीत सामुदायिक जेवणे पुढे ढकलावी, उघड्यावरचे पदार्थ व बर्फ टाळावा, अन्न गरम असतानाच खावे आणि माश्यांपासून झाकावे. शौचाहून आल्यावर व जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय लहानथोरांस लावावी.

घरात रोगी झाल्यास.— जुलाब लागले की पाणी बंद करावे, म्हणजे जुलाबही बंद होतील, अशी एक जुनी समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. तिच्याइतकी घातक समजूत दुसरी नाही. पटकीचा रोगी मरतो तो अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे ह्यांनी १९५९ साली दाखविले की, ह्या जंतूच्या विषामुळे आतडे पाणी बाहेर टाकू लागते. तरीही आतड्याची एक शक्ती शाबूत राहते: साखरेबरोबर मीठ आले तर ते दोन्ही शोषून घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत जाते. नुसते पाणी किंवा नुसते मीठ हे काम करीत नाही. ह्याच तत्त्वावर १९७१ साली बांगला देशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस ह्यांनी शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले असता मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजण्याचा निश्चय केला. रोग्यांच्या आयाबहिणींनीच पेल्याने ते पाजले. शंभरात तीसपर्यंत असलेले मृत्यूंचे प्रमाण चारांच्या आत आले.

हीच आजची जलसंजीवनी. तिची पुडी सरकारी दवाखान्यात व आशाताईंकडे मिळते. ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात विरघळवावी. पुडी नसल्यास एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त होता कामा नये. केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. दर जुलाबामागे दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलिलिटर, दहा वर्षांपर्यंतच्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर, व मोठ्यास मागेल तितके पाजावे. वांती झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा घोट घोट द्यावे. अंगावरचे दूध तोडू नये. पेज व मऊ भात देत जावा. मुलांस जस्ताच्या गोळ्या वैद्याच्या सांगण्याप्रमाणे द्याव्या. जुलाब एकदम थांबविणारी औषधे स्वतःच्या मनाने देऊ नयेत. रोगी मलूल पडला, पाणी पिईनासा झाला किंवा कातडीचा चिमटा सावकाश बसू लागला, तर पाजणे चालू ठेवूनच त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

रोग्याचा मळ व वांती ह्यांवर टी.सी.एल. किंवा कळीचा चुना घालून तासभर ठेवावे व विहिरीपासून दूर, उताराकडे, खोल खड्ड्यात पुरावे. त्याचे कपडे नदीवर वा विहिरीवर नेऊ नयेत, घरीच उकळावे. लंडनचे लंगोट येथे आठवावे. शुश्रूषा करणाऱ्याने प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावे आणि इतरांचा स्वयंपाक करू नये. पटकीविरुद्ध तोंडाने घ्यावयाची लस आता निघाली आहे. ती जेथे दिली जाईल तेथे अवश्य घ्यावी, पण तिच्या भरवशावर विहिरीकडे दुर्लक्ष करू नये.

अखेर एक विनंती. गावात पहिला रोगी आढळताच प्राथमिक आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळवावे. गावाची बदनामी होईल, यात्रा वा बाजार बंद होईल, ह्या भीतीने गोष्ट लपविण्याकडे लोकांचा कल असतो. पण लपविलेला एक रोगी आठवड्यात वीस होतात. सभासदांनी ह्या महिन्यात आपापल्या विहिरीचा व्यास व पाण्याची खोली मोजून लागणाऱ्या पुडीचा आकडा कठड्यावर रंगाने लिहून ठेवावा, आणि पुडीचा एक डबा व जलसंजीवनीच्या दहा पुड्या घरी आणून ठेवाव्या. बियाण्याच्या खर्चाच्या मानाने हा खर्च काहीच नाही.